‘ताई, झोपा. लिंक मारली, चालू झालं’

मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या एका ज्युनियरचा रात्री साडेदहाला फोन आला. प्रोजेक्टसाठी त्याला एक जुना प्रोग्रॅम चालवायचा होता आणि तो ‘शेअर्ड लायब्ररी सापडत नाही’ म्हणत अडून बसला होता. मी लॅपटॉप उघडेपर्यंत त्याचाच मेसेज आला: “ताई, झोपा. लिंक मारली, चालू झालं.”

झोप कसली लागते! तीन वर्षांपूर्वी मीही असाच मेसेज कुणालातरी पाठवला होता आणि त्यानंतरचे नऊ दिवस वाया घालवले होते. तेव्हा आजची पोस्ट त्या एका कमांडबद्दल, म्हणजे ‘एलएन -एस’बद्दल. (टर्मिनलवर हे सगळं अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचं. इथे मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.) ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवताना, त्याचं पॅकेज बनवताना लिंकांचं काय करायचं यावर डेबियन, फेडोरा, ग्नू, कोंडा या सगळ्यांची आपापली मतं आहेत. त्यातली काही मला फार पटतात, काही अजिबात नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते.

आधी माझी गोष्ट. एका सिनियरने स्पेक्ट्रममधली शिखरं फिट करायचा सी-मधला प्रोग्रॅम मागे ठेवला होता. सोर्स कुणाकडे नाही, फक्त तयार बायनरी. तिला ‘लिबजीएसएल.एसओ.०’ ही फाइल हवी होती. जीएसएल म्हणजे ग्नू सायंटिफिक लायब्ररी. माझ्या उबुंटू २२.०४ वर होती ‘लिबजीएसएल.एसओ.२७’. इंटरनेटवर सल्ला तयारच असतो: २७ कडे बोट दाखवणारी ० नावाची लिंक करा. केली. प्रोग्रॅम सुरू झाला, डेटा वाचला, पहिला आलेखही आला. मग फिटिंगच्या पायरीला ‘आकार जुळत नाहीत’ अशी तक्रार करून बंद पडला. मी काय समजले असेन? माझ्या डेटाफाइलचे कॉलम चुकलेत. नऊ दिवस मी कॉलम तपासले.

चूक त्या आकड्यात होती. एसओच्या पुढचा आकडा हा सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा नसतो, कराराचा असतो. जीएसएल २.५ चा आकडा २३ होता, २.६ चा २५, २.७.१ चा २७. शेवटचा जुळलाय तो योगायोग. आतल्या रचना अशा बदलल्या की जुनी बायनरी त्या वापरू शकणार नाही, तर लायब्ररी लिहिणारे हा आकडा वाढवतात. त्याच जीएसएलसोबत येणारी ‘लिबजीएसएलसीब्लास’ आजही शून्यावरच आहे, कारण तिचा करार मोडलेला नाही. उलट जीएसएल २.० मध्ये फिटिंगच्या ‘एफडीएफसॉल्व्हर’ रचनेतून ‘जे’ हा सदस्य, म्हणजे जेकोबियन मॅट्रिक्स, काढून टाकला गेला. जुना प्रोग्रॅम ज्या जागी मॅट्रिक्स शोधतो, त्या जागी आता दुसरंच काही ठेवलेलं असतं. आकार जुळणार कुठून?

आणि मी काय केलं होतं? करार बदलला आहे असं सांगणारी पाटी उतरवून तिथे जुनीच पाटी लावली होती. प्रोग्रॅम बंद पडला हे माझं नशीब. न थांबता त्याने आकडे दिले असते, तर ते आज माझ्या प्रगती अहवालात असते.

काही लायब्ऱ्या स्वतःचं रक्षण करतात. जीफोर्ट्रानची लायब्ररी आपल्या प्रत्येक फंक्शनवर करारनाम्याचा शिक्का ठेवते. तिच्या ३ ला ५ कडे वळवलं तर लोडर सुरुवातीलाच नकार देतो. जिथे शिक्का नाही, तिथे लिंक बिनबोभाट खोटं बोलते आणि लोडर ते ऐकतो.

लिंक म्हणजे नेमकं काय हे दोन मिनिटांत सांगून पुढे जाते, कारण परीक्षेपुरतं सगळ्यांना येतं पण बसवताना विसरायला होतं. सिम्बॉलिक लिंक म्हणजे ‘मार्फत’ लिहिलेलं पत्र. तिच्या पोटात फक्त एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर कुणी राहतं का, ते ती पाहत नाही. हार्ड लिंक म्हणजे एकाच माणसाची दोन नावं, रेशनकार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. माणूस एकच. एक नाव खोडलं तरी तो आहेच, शेवटचं नाव खोडलं की जातो. हार्ड लिंक दुसऱ्या फाइल सिस्टिमवर जाऊ शकत नाही, आणि डिरेक्टरीची करता येत नाही. सिम्बॉलिक लिंक कुठेही जाते. ती १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून सर्वत्र पसरली, आणि तिची सगळी भानगड या ‘कुठेही’मध्येच आहे.

आता माझी कसोटी. कुठलंही साधन चांगलं की वाईट हे ठरवताना मी एकच बघते: त्याने केलेल्या लिंकेला ‘बाई, तुला इथे कुणी ठेवलं?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं का? डेबियन-उबुंटूवर हा प्रश्न ‘डीपीकेजी -एस’ने विचारतात. पॅकेजने आणलेली लिंक असेल तर पॅकेजचं नाव येतं. मी हाताने मारलेल्या ‘लिबजीएसएल.एसओ.०’ला विचारलं तर उत्तर येतं, असा कुठलाही मार्ग नोंदलेला नाही. मी पास होऊन गेले, मशीन पुढच्या मुलीकडे गेलं, तर ती लिंक कुणाची, का, कशासाठी हे कुणालाच सांगता येणार नाही. पॅकेजिंग म्हणजे कॉम्प्रेस करून एक फाइल बनवणं असं आपल्याकडे समजतात. माझ्या मते त्याचं मुख्य काम प्रत्येक लिंकेला मालक देणं हे आहे.

या कसोटीवर डेबियनची नियमावली घ्या. तिचा १०.५ हा भाग लिंकांवरच आहे आणि त्यातला मुख्य नियम ऐकायला विचित्र वाटतो: एकाच वरच्या डिरेक्टरीच्या आत (म्हणजे /यूएसआर मधून /यूएसआर मध्येच) लिंक जात असेल तर पत्ता सापेक्ष लिहा, एका वरच्या डिरेक्टरीतून दुसऱ्या वरच्या डिरेक्टरीत (म्हणजे /इटीसी मधून /यूएसआर मध्ये) जात असेल तर पूर्ण लिहा. मला पहिल्यांदा ही निव्वळ कारकुनी वाटली होती.

मग आमच्या कुंभारीने समजावलं. इथे रे नगरमध्ये जानेवारी २०२४ ला १५,००० घरांचा ताबा विडी कामगार आणि इतर कष्टकऱ्यांना मिळाला. सारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगाच रांगा. तिथल्या मैत्रिणीने पत्ता सांगितला, “आमच्या इथून तिसरी गल्ली, उजवीकडे.” हा सापेक्ष पत्ता. अख्खी वसाहत उचलून दुसरीकडे ठेवली तरी तो खरा राहील. पण सोलापूर एसटी स्टँडवर उभं राहून ‘तिसरी गल्ली, उजवीकडे’ सांगून काय उपयोग? तिथून ‘अक्कलकोट रोड, कुंभारी’पासूनच सुरुवात करावी लागते. डेबियनचा नियम अगदी हाच आहे. /यूएसआर हा एक गाव धरा. तो गाव कंटेनरमध्ये किंवा दुसऱ्या डिस्कवर /एमएनटी खाली दिसू लागला तरी आतले सापेक्ष पत्ते चालतात, पूर्ण पत्ते मात्र यजमान मशीनच्या फाइलींकडे पळतात. उलट /व्हार किंवा तसली वरची डिरेक्टरी व्यवस्थापकाने दुसऱ्या डिस्कवर हलवून तिच्या जागी लिंक ठेवली असेल, तर तिथून ‘वर जा, मग वर जा’ असं मोजत गेल्यावर भलत्याच ठिकाणी पोचायला होतं. म्हणून गावाबाहेर पूर्ण पत्ता.

हा नियम कुणीतरी हात पोळून घेऊन लिहिलाय हे त्यातून दिसतं. फेडोराची मार्गदर्शिका याच मुद्द्यावर म्हणते की दोन्ही पद्धती चालतात, पॅकेज करणाऱ्याने आपला विवेक वापरावा. अनुभवी माणसाला हे स्वातंत्र्य ठीक आहे. नवख्याकडे विवेक कुठून आणायचा? तो तर हीच मार्गदर्शिका वाचून येणार होता. मी नवशिक्याच्या हातात डेबियनचंच पान देईन.

एक पोटचूक इथेच सांगते, कारण ती प्रत्येकजण करतो. सापेक्ष पत्ता मोजायचा तो लिंक जिथे राहणार आहे तिथून, तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात तिथून नाही. ‘एलएन’ तपासत नाही. चुकीचा पत्ता निमूट लिहून घेतो.

सिनियरच्या जुन्या ईमेलमधून शेवटी तो सोर्स सापडला. थेट ‘जे’ वाचणाऱ्या ओळीच्या जागी नवीन फंक्शन वापरलं, पुन्हा कंपाइल केलं, चाललं. मग उत्साहाच्या भरात मी ठरवलं की याचं नीट डेब पॅकेज करून सगळ्या ज्युनियरना द्यायचं. तिथे मी लिंकांच्या तीन चुका केल्या. त्या तिन्ही अशा आहेत की माझ्या मशीनवर काहीच बिघडलेलं दिसलं नाही.

पहिली डेस्टडिरची. पॅकेज बनवताना फाइली खऱ्या /यूएसआर मध्ये न टाकता एका तात्पुरत्या डिरेक्टरीत मांडतात, तिचा मार्ग डेस्टडिर या व्हेरिएबलमध्ये असतो. मी मेकफाइलमध्ये लिंक करताना कुठे ठेवायची आणि कुणाकडे दाखवायची, दोन्हीकडे डेस्टडिर लावलं. पहिल्या ठिकाणी बरोबर, दुसऱ्या ठिकाणी चूक. लिंकेच्या पोटात माझ्या होम डिरेक्टरीतल्या बिल्डचा पत्ता जाऊन बसला. माझ्याकडे ती बिल्ड डिरेक्टरी होतीच, म्हणून सगळं छान. ज्युनियरच्या लॅपटॉपवर लिंक हवेत. यावर डेबियनने ‘डीएच_लिंक’ हे हत्यार दिलंय: एका साध्या फाइलीत ‘कुणाकडे, कुठून’ एवढं लिहायचं, सापेक्ष की पूर्ण ते नियमाप्रमाणे तेच ठरवतं. मेकफाइलमध्ये हाताने लिंका करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी चूक ‘एलएन -एसएफ’ची. इन्स्टॉल दोनदा चालवलं की जुनी लिंक पुसून नवीन होईल अशी माझी समजूत. पण ती लिंक डिरेक्टरीकडे दाखवत असेल तर दुसऱ्या वेळी ‘एलएन’ तिच्या आत शिरतो आणि आत नवी लिंक करतो. डेटाच्या पोटात डेटा. ‘-एन’ लावलं की थांबतं.

तिसरी गंभीर. पॅकेजच्या पहिल्या आवृत्तीत कॅलिब्रेशनच्या तक्त्यांसाठी एक रिकामी डिरेक्टरी होती, ज्याने त्याने आपला तक्ता तिच्यात ठेवायचा. दुसऱ्या आवृत्तीत मी ती डिरेक्टरी काढून तिच्या जागी सर्वांच्या समाईक तक्त्यांकडे जाणारी लिंक ठेवली. नवीन मशीनवर लिंक आली. जुन्या मशीनवर अपग्रेड झालं, काहीही एरर नाही, आवृत्तीचा आकडाही नवा, पण डिरेक्टरी तशीच आणि आत जुना तक्ता. एकच नमुना, एकच आवृत्ती, दोन मशीन, दोन उत्तरं. गाईडसमोर दोन्ही प्रिंटआउट घेऊन उभं राहायची वेळ आली. आणि गंमत म्हणजे हा डीपीकेजीचा बग नाही, नियमावलीत लिहिलेलं वर्तन आहे: डिरेक्टरीच्या जागी लिंक किंवा लिंकेच्या जागी डिरेक्टरी तो आपणहून कधीच करत नाही, आधी जे असेल ते राहू देतो. कारण व्यवस्थापकाने जागा वाचवायला डिरेक्टरी हलवून लिंक ठेवलेली असू शकते, तिच्यावर पॅकेजने पाय देऊ नये. कारण रास्त आहे. पण इतकं गप्प राहणं मला मान्य नाही. आरपीएम अशा वेळी सरळ अडून बसतो, अपग्रेड फसतं, आणि पॅकेज करणाऱ्याला आधी चालणारी वेगळी स्क्रिप्ट लिहावी लागते. लोक आरपीएमला शिव्या देतात. संशोधनाच्या कामात मी फसणारं अपग्रेड पसंत करीन. डेबियनमध्ये उपाय आहे, ‘डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर’मध्ये ‘डिर_टू_सिमलिंक’ नावाचा. पण त्याचं नाव ज्याला माहीत आहे त्यालाच तो सापडतो.

आतापर्यंत मी डेबियनच्या बाजूने बोलते आहे असं वाटेल. तर आता माझीच कसोटी डेबियनला लावते, आणि दोन ठिकाणी तो नापास होतो.

एक म्हणजे पर्याय-व्यवस्था, ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’. मॅट्रिक्सची गणितं करणारी ब्लास लायब्ररी घ्या. प्रोग्रॅमला ‘लिबब्लास.एसओ.३’ हवी. ती लिंक जाते /इटीसी/अल्टरनेटिव्ह्ज मधल्या लिंकेकडे, ती जाते खऱ्या लायब्ररीकडे. खरी कोणती? साधी संदर्भ ब्लास असेल, ओपनब्लास असेल. व्यवस्था ऑटोवर असते तेव्हा ज्याचा अग्रक्रम मोठा तो जिंकतो. म्हणजे तुम्ही दुसरंच काहीतरी ‘ॲप्ट इन्स्टॉल’ केलं, त्याच्यामागून ओपनब्लास आली, की तुमच्या प्रोग्रॅमच्या खालची जमीन बदलली. वेग वाढतो, छान. पण बेरजांचा क्रम बदलतो, आणि दशांशातली बेरीज क्रमावर अवलंबून असते, म्हणून शेवटचे अंक बदलतात. साध्या सरासरीला फरक पडत नाही. जवळजवळ सिंग्युलर मॅट्रिक्स उलटवताना पडतो. आणि या लिंकेला ‘कुणी ठेवलं?’ विचारलं तर ‘डीपीकेजी -एस’ म्हणतो, माहीत नाही. कारण ती पॅकेजच्या यादीत नसते, इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट ती बनवते. उत्तर आहे, पण दुसऱ्या खिडकीवर: ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --क्वेरी’. सरकारी कचेरीचा अनुभव असलेल्यांना सवय असेलच. नमपाय पिपने बसवला असेल तर तो आपली ओपनब्लास स्वतःच्या पोटात घेऊन येतो, मग या लिंका त्याला लागूच नाहीत. तुमच्या प्रबंधात ‘नमपाय वापरला’ एवढंच लिहिलं असेल, तर नक्की कोणाचं गणित वापरलं हे त्यातून कळत नाही.

दुसरं म्हणजे यूएसआर-मर्ज. /बिन, /लिब या जुन्या डिरेक्टऱ्या काढून त्यांच्या जागी /यूएसआर मधल्या बिन आणि लिबकडे जाणाऱ्या लिंका ठेवायच्या, एवढीच कल्पना. फेडोराने २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत ती एका दमात केली. डेबियनमध्ये २०१९ च्या बस्टरपासून नवीन इन्स्टॉल तसे होऊ लागले, २०२३ च्या बुकवर्ममध्ये ते सक्तीचं झालं, आणि उरलेली साफसफाई २०२५ च्या ट्रिक्सीपर्यंत चालली. इतकी वर्षं का? कारण लिंका ठेवल्या, पण डीपीकेजीच्या वहीत नोंदी जुन्याच. उबुंटू २२.०४ वर /यूएसआर/बिन/एलएस कुणाचं म्हणून विचारा. वही म्हणते, असं काही नाहीच. फाइल समोर आहे, चालते आहे, पण वहीत ती /बिन/एलएस या नावाने आहे. मोजक्याच लिंका, पण त्या वरच्या डिरेक्टरीवर असल्यामुळे अख्ख्या वहीचे पत्ते दुहेरी झाले. एखादी फाइल एकाच वेळी जागाही बदलते आणि पॅकेजही बदलते, तेव्हा ती हरवण्याचीसुद्धा शक्यता होती. डिरेक्टरीची लिंक करताना माझा हात आता थबकतो तो या उदाहरणामुळे.

बरं, सुडो नसेल तर? बहुतेकांची हीच स्थिती असते, विभागाच्या सर्व्हरवर आपल्याला फक्त होम डिरेक्टरी मिळते. मग दोन रस्ते दिसतात आणि त्यांचा स्वभाव अगदी उलट आहे.

ग्नू स्टो हे बॉब ग्लिकस्टाइनने १९९३ मध्ये पर्लमध्ये लिहिलेलं छोटंसं साधन. प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या वेगळ्या डिरेक्टरीत बसवायचं, आणि स्टो तिथून लोकल/बिन, लोकल/लिब मध्ये सापेक्ष लिंका काढतो. माझ्या कसोटीवर हा पैकीच्या पैकी गुण घेतो: लिंकेच्या पोटातला पत्ता वाचला की मालकाचं नाव त्यातच लिहिलेलं. वेगळी वही नाहीच, त्यामुळे वही आणि वास्तव वेगळं होण्याचा प्रश्न नाही. त्या जागी आपली नसलेली फाइल दिसली तर स्टो थांबतो. खोट एकच: एखादी डिरेक्टरी एकाच पॅकेजची असेल तर तो आतल्या फाइलींऐवजी अख्ख्या डिरेक्टरीचीच लिंक करतो. मग तिसऱ्याच कुठल्या प्रोग्रॅमने तिथे काही लिहिलं तर ते त्या पॅकेजच्या घरात जाऊन पडतं. ‘--नो-फोल्डिंग’ लावून टाळता येतं. मी कायम लावते.

कोंडा मात्र मला अडचणीचा वाटतो, आणि सगळ्यात जास्त विद्यार्थी तोच वापरतात. तो प्रत्येक पॅकेज एकदाच एका साठ्यात उघडतो आणि प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याच्या हार्ड लिंका करतो. जागा वाचते, दहा एन्व्हायर्नमेंट क्षणात उभी राहतात. पण आपल्याला सांगितलेलं असतं की एन्व्हायर्नमेंट म्हणजे स्वतंत्र खोली. ती स्वतंत्र नाही, भिंतीतली कपाटं सामाईक आहेत. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये साइट-पॅकेजेसमधल्या फाइलीत जाऊन दोन ओळी बदलल्या (वाईट सवय, पण डेडलाइनला कोण नाही करत), आणि एडिटरने फाइल जागच्या जागीच लिहिली, तर ती इतर सगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आणि साठ्यातही बदलते. उद्या नवं एन्व्हायर्नमेंट कराल तेही बिघडलेलं येईल. सिम्बॉलिक लिंक असती तर ‘एलएस -एल’मध्ये निदान बाण दिसला असता. हार्ड लिंकेला बाण नाही, दोन्ही नावं सारखीच खरी. दुसऱ्या स्तंभातला आकडा एकाहून मोठा दिसतो एवढीच खूण. साठा आणि एन्व्हायर्नमेंट वेगवेगळ्या फाइल सिस्टिमवर असतील तर कोंडा मुकाट्याने कॉपी करतो, म्हणजे तेच काम विभागाच्या सर्व्हरवर एक वागणूक आणि घरी दुसरी. ‘ऑलवेज_कॉपी’ चालू करता येतं, आणि प्रबंधाचे अंतिम आकडे काढायच्या एन्व्हायर्नमेंटला ते करावंच असं माझं मत आहे. जागा जाईल, जाऊ दे.

आता लिंकेचं एक चांगलं उदाहरण, आणि तेही आपल्या घरचं. लोहित हे फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले. रेड हॅटने ते जीपीएलखाली खुले केले, पुढे २०११ मध्ये एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. लिनक्सवर मराठी वाचलेल्या बहुतेकांनी लोहित देवनागरी पाहिलेला आहे. नुसती फॉन्टची फाइल टाकून भागत नाही. मराठी मजकुराला कोणता फॉन्ट आधी द्यायचा हे फॉन्टकॉन्फिग ठरवतं. फेडोराच्या फॉन्ट पॅकेजची पद्धत अशी: नियमांची फाइल ठेवायची /यूएसआर/शेअर/फॉन्टकॉन्फिग/कॉन्फ.अव्हेल मध्ये आणि तिच्याकडे जाणारी लिंक ठेवायची /इटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी मध्ये. पहिली डिरेक्टरी म्हणजे काय काय उपलब्ध आहे, दुसरी म्हणजे काय चालू आहे. फाइलीच्या नावाआधीचे दोन अंक क्रम ठरवतात.

प्रबंधाच्या मराठी सारांशात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटले म्हणून वैतागलेल्यांनी ही डिरेक्टरी एकदा उघडून बघावी. पन्नासएक लिंका, प्रत्येकीचं नाव बोलकं, प्रत्येकीचा मालक नोंदलेला. इथे लिंक काही लपवत नाही, निर्णय उघड करते. फक्त एक लक्षात ठेवा: पॅकेजच्या मालकीची लिंक तुम्ही हाताने काढलीत तर पुढच्या अपग्रेडला ती परत येणार. आपली आवड आपल्या होम डिरेक्टरीतल्या फॉन्टकॉन्फिगमध्ये लिहावी.

दोन गोष्टी घाईने. आपल्याकडे सॉफ्टवेअर अजून पेनड्राइव्हवरून फिरतं. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो आणि त्यावर ना सिम्बॉलिक लिंक टिकते ना हार्ड. बसवलेली डिरेक्टरी उघडी कॉपी करू नका, टार करून ती एकच फाइल न्या आणि लिनक्सच्या डिस्कवर पोचल्यावरच उघडा. झिपने द्यायचं असेल तर ‘-वाय’ लावा, नाहीतर लिंकेच्या जागी अख्ख्या फाइलीची प्रत जाते. विंडोजवर गिटने घेतलेल्या सोर्समध्ये एखादी फाइल उघडल्यावर आत फक्त ‘../कॉमन/हेडर’ असं काही दिसलं, तर ती फाइल नसून मेलेली लिंक आहे. दुसरं, अनोळखी टार फाइल पायथनने उघडताना जपा. टारमधली लिंक बाहेरच्या डिरेक्टरीकडे दाखवू शकते आणि पुढची फाइल त्या लिंकेवाटे तुमच्या घरात कुठेही लिहिली जाऊ शकते. टारफाइल मॉड्यूलमधली अशा बाहेर लिहिण्याची त्रुटी २००७ मध्येच नोंदली गेली होती. २०२३ च्या ३.१२ मध्ये फिल्टर आला, आणि सुरक्षित फिल्टर आपोआप लागू झाला तो थेट ३.१४ मध्ये. जुन्या पायथनवर ‘डेटा’ फिल्टर स्वतः सांगावा लागतो.

तर त्या ज्युनियरचं काय झालं? दुसऱ्या दिवशी विभागात गेल्यावर त्याच्यासोबत बसले. आधी ‘एलडीडी’ने बायनरी कोणत्या लायब्ऱ्या धरते ते पाहिलं, मग प्रत्येकीवर ‘रीडलिंक -एफ’ चालवून बाण शेवटी कुठे थांबतो ते. त्यानेही जीएसएलच वळवली होती, २३ ला २७ कडे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये फिटिंग नव्हतं, फक्त बेसल फंक्शन होती, म्हणून चाललं होतं आणि उत्तरंही तक्त्याशी जुळली. तो म्हणाला, “मग ताई, बरोबरच होतं ना?” मी म्हटलं, बरोबर आलं. लिंक काढायला लावली, सोर्स होताच, पुन्हा कंपाइल केलं, सात मिनिटं लागली.

मग सहज म्हणून त्या मशीनवर /यूएसआर/लोकल/लिब आणि /यूएसआर/लिब मधल्या सगळ्या लिंका काढून एकेकीला मालक विचारला. पर्याय-व्यवस्थेच्या वजा केल्या, यूएसआर-मर्जमुळे दुहेरी दिसणाऱ्या वजा केल्या. ‘-एक्सटाइप एल’ने तुटलेल्या वेगळ्या काढल्या. चौदा उरल्या ज्यांना कुणीच नाही. त्यातली एक माझी, तीन वर्षांपूर्वीची, अजून २७ कडे बोट दाखवत उभी. ती पुसली. बाकी तेरांवर कोणते प्रोग्रॅम अवलंबून आहेत ते कळेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं, आणि प्रत्येकीचं नाव, तारीख आणि पत्ता एका वहीत उतरवून ती वही मशीनशेजारी ठेवली आहे.